साडेनऊ लाखांची फ्रँचायझी मला बावीस लाखांना पडली

गेल्या महिन्यात कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले गृहस्थ बायकोला घेऊन माझ्या ऑफिसात आले. हातात घरं विकून देणाऱ्या एका कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक. चार वर्षांपूर्वी माझ्या हातात होतं तेच, फक्त आकडे वाढलेले. "मॅडम, तुम्ही ही फ्रँचायझी चालवताय. खरं सांगा, घेऊ का?" पैसे कुठले म्हणून विचारलं, तर पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे. त्यांची बायको तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "मुलीचं लग्न व्हायचंय अजून." मी दोघांना चहा दिला आणि माझी वही काढून समोर ठेवली. दोन तास लागले. या वर्षात असं विचारायला आलेलं हे तिसरं जोडपं, म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. करार अजून चालू आहे. शिवाय नंतर मी आणखी दोन कंपन्यांच्या कराराचे मसुदे मिळवून वाचले, त्यांचाही साचा हाच आहे, त्यामुळे नावाने फार फरक पडत नाही. देशभर शाखा असलेली, घरं-फ्लॅट-दुकानं विकून आणि भाड्याने देऊन कमिशन घेणारी कंपनी. आपण तिचं नाव लावायचं, तिच्या पद्धतीने ऑफिस चालवायचं आणि तिला फी द्यायची.

मी एकोणीस वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होते. घरकर्जाच्या शेकडो फायली या हातांखालून गेल्या. सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, सर्च रिपोर्ट, बिगरशेतीचा आदेश, भोगवटादार वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन असेल तर परवानगी, गुंठेवारीचा (मंजुरीशिवाय पाडलेला) प्लॉट असेल तर नियमितीकरण झालंय का, हे सगळं माझ्या रोजच्या कामातलं. त्यामुळे या धंद्यात मी कमी पडणार नाही असं वाटलं. कागदांत कमी पडलेही नाही. चुकले ते माझ्याच हिशेबात.

माहितीपत्रकात ठळक अक्षरात लिहिलं होतं : साडेनऊ लाखांत तुमचं ऑफिस सुरू. २०२२ च्या पाडव्याला सही केली आणि ३ मे रोजी, अक्षय तृतीयेला, कोल्हापुरातल्या राजारामपुरीत ऑफिसचं उद्घाटन केलं. ते ऑफिस उभं करण्यातच माझे १७ लाख ५० हजार रुपये गेले. कुठे गेले ते सांगते.

फ्रँचायझी फी सहा लाख. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ८ हजार. माहितीपत्रकात "अधिक लागू कर" असं खाली बारीक लिहिलेलं असतं. हा जीएसटी पुढे वजावटीत मिळतो, म्हणजे ग्राहकाकडून घेतलेल्या करातून वजा करता येतो, हे खरं. पण वजावट घ्यायला आधी कमिशन यावं लागतं, आणि मला तो पूर्ण वसूल व्हायला दीड वर्ष लागलं. तोवर ते पैसे अडकलेलेच. जागेची अनामत दीड लाख. संगणक, प्रिंटर, एसी, इन्व्हर्टर मिळून १ लाख ९२ हजार. कंपनीचं चार दिवसांचं प्रशिक्षण फुकट, पण ते मुंबईत. माझा आणि माझ्याकडे काम करणाऱ्या एका मुलाचा जाण्या-येण्याचा, राहण्या-खाण्याचा खर्च ३१ हजार. महारेराची (बिल्डर आणि एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी, सीए, करारनाम्यांचे मुद्रांक वगैरे २९ हजार.

महारेराचं थोडं थांबून सांगते, कारण इथे मी नव्वद हजार वाचवले. कंपनीच्या माणसाचा आग्रह होता की एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी फर्म) काढा, नाव मोठं दिसतं. आमचे सीए म्हणाले, वहिनी, घाई करू नका. महाराष्ट्रात एजंट म्हणून महारेराकडे नोंदणी करताना एकट्या व्यक्तीला फी १० हजार आणि फर्म किंवा कंपनी असेल तर १ लाख. नोंदणी पाच वर्षं चालते. मी स्वतःच्या नावावर घेतली. ही नोंदणी टाळता येत नाही, टाळूही नये. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट नोंदणी नसलेल्या एजंटाने विकला तर दिवसाला १० हजार दंड होऊ शकतो आणि तो फ्लॅटच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत चढू शकतो. पुढे २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. ती घेतली आयबीपीएसने, बँकांच्या नोकरभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने. बँक सोडल्यावर ते ओळखीचं नाव बघून बरं वाटलं. माझ्याकडच्या दोन्ही मुलांनाही बसवलं.

आता फर्निचर. माझे सगळ्यात जास्त पैसे इथे वाया गेले. कंपनीचं एक जाडजूड पुस्तक असतं. भिंतीचा रंग कोणत्या क्रमांकाचा, रिसेप्शनचं टेबल किती फूट, काचेवरची पट्टी जमिनीपासून किती उंच, सगळं त्यात लिहिलेलं. पुण्याच्या त्यांच्या ठरलेल्या ठेकेदाराने ४२० चौरस फुटांसाठी ७ लाख १५ हजार सांगितले. मी भांडून परवानगी घेतली आणि उद्यमनगरातल्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून ५ लाख ४० हजारांत तेच काम करून घेतलं. कंपनीचा माणूस टेप घेऊन मोजायला आला. टेबल दोन इंच कमी भरलं, ते पुन्हा नव्याने बनवायला लावलं.

पाटीचंही तसंच. पुस्तकात पाटी फक्त इंग्रजीत. ६२ हजारांची चकचकीत पाटी लावली. पंधरा दिवस झाले नाहीत तोवर शेजारचे औषधांच्या दुकानाचे मालक म्हणाले, "ताई, मराठी कुठाय? नोटीस येईल." बरोबर होतं त्यांचं. २०२२ मध्ये दुकाने-आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन पाटीवर देवनागरीत मराठी नाव आणि तेही दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असणं बंधनकारक झालं होतं. कंपनीला पत्र लिहिलं, तर उत्तर यायला तीन आठवडे, आणि उत्तरात एवढंच की स्थानिक कायद्याची जबाबदारी फ्रँचायझीधारकाची. दुसरी पाटी ३८ हजार. म्हणजे पाटीचेच एक लाख झाले. महाराष्ट्रात धंदा करणाऱ्या कंपनीने स्वतःचं नाव मराठीत कसं लिहायचं ते ठरवून ठेवू नये, याचा मला तेव्हा राग आला होता आणि अजूनही आहे. शेवटी देवनागरी अक्षरांचं वळण मी आणि त्या पाटीवाल्या मुलाने रात्री साडेदहापर्यंत संगणकावर बसून ठरवलं. आज ती पाटी इंग्रजीपेक्षा सुंदर दिसते.

जागेच्या करारात मी आणखी एक चूक केली, ती कुणी करू नये. फ्रँचायझीचा करार पाच वर्षांचा. जागामालकांनी लिव्ह अँड लायसन्स दिला तीन वर्षांचा, दरवर्षी पाच टक्के वाढीने. भाडं २४ हजार. मला वाटलं, माणसं चांगली आहेत, पुढे वाढवतील. माणसं चांगलीच आहेत. पण २०२५ च्या मे महिन्यात करार संपला तेव्हा भाडं २६,४६० वर आलं होतं आणि त्यांनी ३३ हजार मागितले. मी सोडून जाऊ शकत नव्हते, हे त्यांनाही दिसत होतं. भिंतीला चिकटवलेलं साडेपाच लाखांचं फर्निचर कुठे उचलून नेणार? ३० हजारांवर तडजोड झाली. त्याआधी ऑक्टोबर २०२४ पासून आणखी एक गोष्ट झाली होती : जागामालकाची जीएसटी नोंदणी नसेल आणि भाडेकरूची असेल, तर व्यापारी जागेच्या भाड्यावरचा अठरा टक्के कर भाडेकरूने स्वतः भरायचा. वजावट मिळते, पण महिन्याला आधी रोख भरावे लागतात.

हे झालं दार उघडेपर्यंतचं. खरी पदरमोड नंतर सुरू होते आणि माहितीपत्रकात त्याबद्दल एक ओळही नव्हती.

महिन्याचा खर्च माझ्या वहीत असा आहे : भाडं २४ हजार, ऑफिस सांभाळणाऱ्या मुलीचा पगार १४ हजार, दोन मुलांचा पेट्रोल भत्ता १२ हजार, कंपनीच्या सॉफ्टवेअरचे पाच जणांचे ६ हजार, वीज-फोन-इंटरनेट साडेसहा हजार, जाहिरात, फ्लेक्स, चहापाणी, झेरॉक्स साडेनऊ हजार. एकूण ७२ हजार. पहिला महिना असो, पाऊस असो, कोणी ग्राहक येवो न येवो, हे ७२ हजार जाणारच. आणि सातव्या महिन्यापासून कंपनीला द्यायची किमान रॉयल्टी. करारात लिहिलंय : कमिशनच्या आठ टक्के किंवा महिना १५ हजार, जे जास्त असेल ते. शिवाय दोन टक्के ब्रँड फंड, म्हणजे कंपनीच्या जाहिरातीचा निधी. सही करताना माझं सगळं लक्ष आठ टक्क्यांवर होतं. "जे जास्त असेल ते" या चार शब्दांवरून माझी नजर नुसती सरकली. बँकेत मी कर्जदारांना प्रत्येक ओळ वाचून दाखवायचे, आणि स्वतःच्या वेळी ते केलं नाही.

पहिली विक्री सांगते, म्हणजे हिशेब कसा फिरतो ते कळेल. साने गुरुजी वसाहतीकडचा दोन बेडरूमचा फ्लॅट, किंमत ४५ लाख. ऑगस्टमध्ये, श्रावणात, पहिल्यांदा दाखवला. गणपतीत भाव ठरला. पण लगेच पितृपक्ष, घेणाऱ्यांच्या आईने सांगितलं की आता पैशाची देवघेव नको. संचकार, म्हणजे विसार देऊन केलेला करार, झाला घटस्थापनेला. मग त्यांचं बँकेचं कर्ज, सोसायटीचा ना-हरकत दाखला, आधीच्या मालकाचा एक जुना बोजा कमी करून घेणं. खरेदीपत्र १८ नोव्हेंबरला. विकणाऱ्यांनी दीड टक्का दिला, ६७,५००. घेणाऱ्यांनी एक टक्का, ४५ हजार. जीएसटी सोडून एकूण १ लाख १२ हजार ५००. त्यातले चाळीस टक्के ते काम केलेल्या मुलाचे, ४५ हजार. आठ टक्के रॉयल्टी ९ हजार झाली असती, पण किमान १५ हजार. ब्रँड फंड २,२५०. उरले ५० हजार २५०. महिन्याचा खर्च ७२ हजार. म्हणजे सात महिने वाट बघून ज्या महिन्यात पहिला मोठा व्यवहार झाला, त्या महिन्यातही २१ हजार ७५० घरून घातले. आणि घेणाऱ्यांच्या ४५ हजारांपैकी शेवटचे वीस हजार आले जानेवारीत, मी दोनदा घरी जाऊन आल्यावर. कंपनी मात्र बिलाच्या तारखेने रॉयल्टी धरते, पैसे आल्याच्या तारखेने धरत नाही.

मार्च २०२३ अखेर अकरा महिन्यांत खर्च ७ लाख ९२ हजार आणि पाच महिन्यांची किमान रॉयल्टी ७५ हजार. आत आले मुलांचा वाटा आणि ब्रँड फंड देऊन ४ लाख १० हजार. तूट ४ लाख ५७ हजार. ती मिस्टरांच्या पगारातून आणि माझ्या दोन मुदतठेवी मोडून भरली. आधीचे साडेसतरा आणि हे साडेचार, असे बावीस लाख. दुसऱ्या वर्षी कसाबसा मेळ बसला, घरून काही घालावं लागलं नाही आणि घरी काही नेताही आलं नाही. २०२४-२५ मध्ये सगळं जाऊन ४ लाख ६० हजार उरले. बँकेतला माझा पगार यापेक्षा जास्त होता.

जीएसटीने ग्राहक तुटतात, हेही धरून चाला. सेवेच्या धंद्यात वर्षाला वीस लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नसते. पण कंपनीच्या करारात नोंदणी पहिल्या दिवसापासून. आता ४५ लाखांच्या फ्लॅटवर दोन टक्के म्हणजे ९० हजार, त्यावर माझं बिल आणखी १६,२०० ने वाढतं. पुढच्या गल्लीतला एजंट नोंदणीशिवाय काम करतो, त्याचं ९० म्हणजे ९० च. निवृत्त शिक्षकाला या कराची वजावट मिळत नाही, तो का म्हणून जास्त देईल? कितीतरी वेळा मी माझ्या कमिशनमधून तो कर सोसलाय.

आपल्याकडचं वर्षही बारा महिन्यांचं नसतं. आषाढात आणि पितृपक्षात संचकार होत नाहीत. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की फोन बंद होतात, ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी, तेव्हा तर घर दाखवायचं नावही नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर नागाळा पार्क, रमणमळा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी या भागांतल्या घरांसाठी पहिला प्रश्न एकच येतो : पाणी कुठवर आलं होतं? कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये घराची माहिती भरताना जलतरण तलाव आहे का, क्लब हाऊस आहे का, असे रकाने होते. पुराच्या पाण्याचा रकाना नव्हता. मी शेऱ्यात लिहायला लागले. "२०१९ : पार्किंगमध्ये चार फूट. २०२१ : जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत." जिना मी स्वतः मोजायचे, वॉचमनला विचारून. पायरीच्या रंगावर मातीची रेघ बहुतेक ठिकाणी अजून दिसते. दोनदा मालक रागावले, घर विकायला दिलंय की बदनाम करायला, म्हणाले. पण ज्याने आयुष्याची कमाई घालायची त्याला हे लपवून विकायचं मला जमणार नाही. आठ महिने मागे लागल्यावर कंपनीने पुराचा रकाना टाकला. त्याचं श्रेय त्यांना देते.

आणि चांगलं बरंच आहे, तेही सांगितलं पाहिजे. कंपनीचे लेखी नमुने उत्तम आहेत. मालकाशी करार, घर दाखवल्याची सही, किल्ली घेतल्याची पावती. या पावतीवर किती किल्ल्या आणि कुठल्या कुलपाच्या हेही लिहितात. माझ्याआधी आमच्या गल्लीत हे कोणी करत नव्हतं. भाव कसा सांगायचा, आजूबाजूला गेल्या सहा महिन्यांत नोंदलेले दस्त काढून मालकासमोर कसे ठेवायचे, हे मी प्रशिक्षणात शिकले. नुसतं "काका, एवढं येणार नाही" म्हणण्यापेक्षा तीन दस्तांच्या प्रती दाखवल्या की माणूस समजून घेतो.

बाहेरगावचा ग्राहक या नावामुळेच आला, त्यात शंका नाही. टाकाळ्यावर एक जुना बंगला होता. आई गेली, वडील आधीच गेलेले, मुलगी बेंगळुरूत, मुलगा परदेशात. मुलीने तिथल्या शाखेत चौकशी केली, त्यांनी मला फोन दिला. ती दोन दिवसांसाठी आली. घराची प्रत्येक खोली दाखवली, स्वयंपाकघरात मात्र स्वतः गेली नाही, दारातूनच म्हणाली, "तुम्ही बघून घ्या." वारसनोंद, प्रॉपर्टी कार्डावरची दुरुस्ती, भावाचं परदेशातून आलेलं कुलमुखत्यारपत्र, सगळं आम्ही केलं. सात महिने लागले. ओळखीपाळखीच्या एजंटाकडे ती गेली नसती, तिच्या ओळखीचं इथे कोणी उरलंच नव्हतं. गेल्या वर्षीच्या माझ्या कमिशनपैकी तिसरा हिस्सा अशा घरांचा आहे. ज्यांना असं काम करायचंय, त्यांच्यासाठी या नावाला किंमत आहे.

गावातला ग्राहक मात्र नावाकडे बघत नाही. सायबर चौकाजवळ एक काका आहेत, पासष्टीचे, स्प्लेंडर आणि खिशात डायरी. ऑफिस नाही. माझ्याकडे चार महिने पडून असलेला पाचगावचा फ्लॅट त्यांनी नऊ दिवसांत विकला. मी त्यांना विचारायला गेले, तर म्हणाले, "वहिनी, बोर्ड बघून कोण येतंय? त्या पोराच्या वडलांचा प्लॉट मीच घेऊन दिलता." कमिशन आम्ही निम्मं निम्मं घेतलं. ते महारेरात नोंदलेले आहेत आणि फ्लॅट जुना, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. तरीही कंपनीने विचारणा केली, बाहेरच्या एजंटाबरोबर वाटणी कोणाच्या परवानगीने? आता मी दरवेळी आधी पत्र पाठवते. त्या काकांबरोबर आजवर अकरा व्यवहार केले, आणि प्रत्येकातून कंपनीला रॉयल्टी गेली.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने तिथली पद्धत समजावली. हा फ्रँचायझीचा प्रकार मुळात तिकडचाच. सेंच्युरी २१ ही १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली, रिमॅक्स १९७३ मध्ये डेन्व्हरला. (माझी कंपनी या दोन्हींपैकी नाही.) तिथे १९७९ पासून फेडरल ट्रेड कमिशनचा (व्यापारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी आयोगाचा) नियम आहे, २००७ मध्ये तो सुधारला. सही करण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान चौदा दिवस आधी कंपनीने फ्रँचायझी घेणाऱ्याला एक लेखी खुलासा द्यायचा. त्यात तेवीस मुद्दे. सुरुवातीची फी वेगळी, नंतरच्या सगळ्या फिया वेगळ्या, आणि सातव्या मुद्द्यात दार उघडेपर्यंतचा व सुरुवातीच्या काही महिन्यांचा अंदाजे खर्च, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, असा तक्ता. सध्याच्या फ्रँचायझीधारकांची आणि गेल्या वर्षभरात सोडून गेलेल्यांचीही यादी द्यावी लागते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदाच नाही. सगळं १८७२ च्या करार कायद्यावर. तो तक्ता मला पाडव्याच्या आधी मिळाला असता तर मी कदाचित तरीही फ्रँचायझी घेतली असती, पण मुदतठेवी मोडायची वेळ येणार हे माहीत असून घेतली असती. म्हणून मी म्हणते, कायदा नसला तरी कंपनीकडे हेच मागा. सोडून गेलेल्या पाच जणांचे नंबर मागा. मी मागितले तेव्हा मला तीन नंबर मिळाले, तिघेही नुकतेच सुरू झालेले, तिघेही उत्साहात. बंद झालेली दोन ऑफिसं मला पुढे माझी मीच शोधून काढावी लागली. त्यांतल्या एका बाईंनी फोनवर पाऊण तास सांगितलं, मी ते सगळं लिहून घेतलं, आणि त्यातली एकही गोष्ट पुढे वेगळी घडली नाही.

करारात आणखी तीन ठिकाणी बोट ठेवा. पहिलं, तुमचा भाग कोणता. मला तोंडी सांगितलं होतं "कोल्हापूर तुमचंच", कागदावर मात्र पिनकोड होता, आणि दीड वर्षात कावळा नाक्याच्या बाजूला दुसरं ऑफिस आलं. दुसरं, वाद झाला तर लवाद कुठे. माझ्या करारात दिल्ली. वीस-तीस हजारांच्या वादासाठी कोण दिल्लीला जाणार? तिसरं, सोडल्यावर दोन वर्षं जिल्ह्यात हा धंदा करायचा नाही, अशी अट. आमच्या वकिलांनी करार कायद्याचं कलम २७ दाखवलं, धंदा करण्याला आडकाठी करणारा करार त्या मर्यादेपुरता निरर्थक ठरतो. त्यामुळे ती अट टिकणं अवघड आहे असं ते म्हणाले, पण नोटिशीला उत्तर द्यायचा खर्च तुमचाच.

माझा करार मार्च २०२७ ला संपतोय. नूतनीकरणासाठी त्या वेळच्या फीच्या निम्मी रक्कम, आणि नव्या पुस्तकाप्रमाणे फर्निचर बदलायचं. मी कंपनीला लिहून कळवलंय : किमान रॉयल्टी काढा, आलेल्या पैशांवर टक्के घ्या, फर्निचर आहे ते राहू द्या, तर मी थांबते. अजून उत्तर नाही. नाही झालं तर त्याच जागेत, त्याच मुलांना घेऊन, स्वतःच्या नावाने करणार. किल्लीच्या पावत्या तशाच ठेवणार.

शिरोलीच्या त्या गृहस्थांना मी एवढंच सांगितलं की माहितीपत्रकातल्या आकड्याच्या दुप्पट पैसे, वर वर्षभराचा घरखर्च बाजूला, आणि हे सगळं बुडालं तरी मुलीच्या लग्नाला हात लागणार नाही अशी सोय असेल, तर विचार करा. नाहीतर आधी महारेराची परीक्षा आणि दहा हजारांची नोंदणी, आणि वर्षभर कुणाबरोबर तरी घरं दाखवत फिरा. ते सध्या दर शनिवारी माझ्या मुलांबरोबर जातात.

अजून कोणाला वही बघायची असेल तर निरोप पाठवा, मी शनिवारी चारनंतर ऑफिसात असते. माहितीपत्रक आणायची गरज नाही. कराराचा मसुदा आणा, आणि घरातलं दुसरं माणूस बरोबर घेऊन या.